आज समुद्र कसा हाये?

आमच्या फुलांच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. एक म्हणजे देठांचा कचरा. तो संध्याकाळी झाडला की संपला. दुसरे समुद्राचे किस्से. ते काही झाडल्याने जात नाहीत, उलट दर पावसाळ्यात त्यांच्यात भरच पडते. आता तुम्ही म्हणाल, वत्सलाबाई, अमरावतीत समुद्र कुठून आणला? इथं नळाला रोज पाणी आलं तरी आम्ही शेजाऱ्यांना हाका मारून सांगतो! खरं आहे. आमच्याकडे समुद्र मोबाइलमधून येतो. माझा आकाश किनाऱ्याजवळच्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर आहे. तो बोटीवर चढला आणि इकडे कोरड्या जमिनीवर आम्ही गटांगळ्या खायला लागलो.

अशी आम्ही चार घरं आहोत. अंजनगाव सुर्जीचे वासुदेवभाऊ, त्यांचा पानमळा आहे. पानाचे करंडे घेऊन ते बाजारात येतात. त्यांचा मंगेश टगवर होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना आणि बार्जना, म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेल्या सपाट बोटींना, ओढून नेणारी छोटी, दणकट बोट. अकोल्याचे खंडारे सर, रिटायर्ड, भूगोल शिकवायचे. त्यांची प्राची मालवाहू जहाजावर ऑफिसर आहे. आणि अचलपूरचे रफीकभाई, गाद्या बनवतात, त्यांचा पुतण्या बार्जवर स्वयंपाकी आहे.

चौघांचा मिळून एक ग्रुप आहे. नाव काय ठेवावं यावर बरीच भांडणं झाली. सरांना 'सागरपुत्र पालक मंडळ' पाहिजे होतं. वासुदेवभाऊ म्हणाले, "सर, आपन रोज एकमेकाले काय इचारतो? थेच ठेवा ना!" तेव्हापासून ग्रुपचं नाव, 'आज समुद्र कसा हाये?'

*

किनाऱ्याच्या हवामानाचं पत्रक सकाळी मी वाचून दाखवते. माझे हात हारात गुंतलेले असतात, म्हणून फोन हळदीच्या डब्याला टेकवून ठेवते. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, समुद्र शांत की खवळलेला, सगळं त्यात असतं. वारं वाढलं की खाली एक ओळ ठरलेली: मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये.

पहिल्यांदा ही ओळ ऐकली तेव्हा वासुदेवभाऊंच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यांनी तिथूनच मंगेशला फोन लावला.

"काहून रे, सरकारनं चोख सांगतलं समुद्रात जाऊ नोका म्हून, अन् तू जाऊन राहिला?"

तिकडून मंगेशचं हसणं स्पीकरवर सगळ्या बाजाराला ऐकू आलं. "बाबा, म्या समुद्रातच हावो! सहा दिसापासून!"

"मंग तर तू आदीच कायदा मोडेल हाये," वासुदेवभाऊ म्हणाले. "कॅप्टनले दे फोन!"

मंगेशनं खरंच दिला बरं का! कॅप्टन दाक्षिणात्य माणूस. त्याला एक अक्षर कळलं नाही. पण दहा मिनिटं तो 'यस सर, यस सर' करत होता. फोन ठेवल्यावर वासुदेवभाऊ म्हणाले, "मानूस चांगला हाये. आयकते तरी."

*

लाटा मीटरमध्ये सांगतात. आता मीटर म्हणजे कापड मोजायचं माप, ते लाटेला कसं लावायचं? खंडारे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं असतं, पण आमच्याकडे फळा नाही.

वासुदेवभाऊंनी स्वतःच डोकं लढवलं. पानमळ्यात एक उंच बांबू गाडला. सकाळी मी पत्रक वाचलं की ते घरी फोन करायचे आणि शांतावैनी, म्हणजे त्यांच्या बायको, तेवढ्या उंचीवर लाल फडकं बांधायच्या. दोघांना मग कळायचं, आज लेकरू कशात आहे ते. जानेवारीत फडकं कमरेएवढं असायचं. शांतावैनी म्हणायच्या, "इतलं तं आपल्या नाल्याले बी राहते!"

जून लागला आणि फडकं वर चढायला लागलं. आधी डोक्यावर गेलं, मग शेवग्याच्या झाडाला शेंगा लटकतात तेवढ्या उंचीवर. एक दिवस मी जो आकडा वाचला, त्याप्रमाणे बांधायला शिडी लागली. शांतावैनी शिडीवरून खाली उतरल्या आणि घराकडे पाहत उभ्या राहिल्या. फडकं घराच्या कौलांच्या वर होतं.

"एवढं पानी आपल्या घरावरून जाईन हो," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी वासुदेवभाऊ दुकानात आले ते हात खरचटलेले. विचारलं तर म्हणाले, "पहाटेच उठून बांबू खालून कापला अन् पुन्हा गाडला. वरचं फडकं होतं तसंच ठेवलं. तिले म्हटलं, पाय, उतरला समुद्र!"

"अन् वैनी मानल्या?" मी विचारलं.

"मानली ना. मंग म्हनते, आता तुमी बी जेवा."

*

खंडारे सरांनी आयुष्यभर पोरांना भरती-ओहोटी शिकवली. समुद्र स्वतः पाहिला नव्हता. "ज्ञानाला प्रत्यक्ष दर्शनाची गरज नसते," असं म्हणायचे. प्राची जहाजावर गेली आणि सरांचं हे ज्ञान पार घरंगळलं.

ती व्हिडिओ कॉल करायची. नेटवर्क मिळेल तेव्हा, दोन मिनिटं. एकदा पावसाळ्यात फोन आला. सर दुकानातच होते, त्यांच्या बायको, आमच्या बाई, पण सोबत होत्या, लग्नाचे हार सांगायला आल्या होत्या. प्राची हसत होती. "बाबा, एकदम मस्त समुद्र आहे, तळ्यासारखा!"

सर म्हणाले, "छान, छान."

प्राचीच्या मागे खिडकीचा पडदा होता. तो भिंत सोडून आत येत होता, थोडा वेळ तसाच हवेत थांबत होता आणि मग परत भिंतीला जाऊन चिकटत होता.

बाईंनी विचारलं, "अगं, तो पडदा काहून असा करून राहिला?"

"पंखा लावलाय आई!" प्राची म्हणाली, आणि फोन कट झाला.

सर लगेच म्हणाले, "हो, पंखा असेल. तिकडं दमट असतं."

बाईंनी हार सांगितले, निशिगंध किती, गुलाब किती, सगळं नीट सांगितलं. पायरी उतरताना सरांना म्हणाल्या, "तुमी दोघं बापलेकी मले अडाणी समजता, पन पंख्यानं पडदा हालते, अख्खी बाटली टेबलावरून चालत जात नाई." आम्ही कोणी ती बाटली पाहिलीच नव्हती!

*

रफीकभाईंची पद्धत वेगळी. ते वाऱ्याचं विचारत नाहीत, लाटेचं विचारत नाहीत. पुतण्याला एकच प्रश्न, "आज क्या पकाया?"

समुद्र चांगला असला की बिर्याणी, कोंबडी, कधी शिरा. वारं वाढलं की डाळ-भात. त्याहून वाढलं की खिचडी, कारण एकच भांडं दोरीनं बांधून ठेवता येतं. रफीकभाईंना अख्खा अरबी समुद्र या स्वयंपाकावरून कळायचा, आणि आमच्या पत्रकापेक्षा तो अंदाज जास्त बरोबर असायचा.

एका दुपारी ते अचलपूरच्या एसटीनं आले. ना गादी, ना उशी, हात रिकामे. येऊन स्टुलावर बसले.

"काय झालं भाई?"

"बिस्कुट," ते म्हणाले.

"काय बिस्कुट?"

"पूछा, क्या पकाया. बोला, चाचा, आज सबको बिस्कुट दिया."

आम्हाला सगळं कळलं. मी चहा सांगितला, तो त्यांनी घेतला नाही. वासुदेवभाऊ करंडे सोडून येऊन बसले. तिथून पुढे ते दोघं दुकानात फोनकडे बघत बसून होते. गिऱ्हाईक यायचं, दोघांकडे बघायचं आणि हळू आवाजात मला विचारायचं, "कोन गेलं?" मी म्हणायची, "कोनी नाई गेलं, तुमी फुलं घ्या अन् निंगा!"

दिवेलागणीला रफीकभाईंचा फोन वाजला. ते उठून बाहेर गेले, परत आले, डोळे पुसले.

"खिचडी," म्हणाले. "चलो, आखरी एसटी मिल जाएगी."

*

आता आमचं खरं दुखणं सांगते. इथं वऱ्हाडात मे संपला की सगळे आभाळाकडे डोळे लावून बसतात. टीव्हीवर कमी दाबाचा पट्टा म्हटलं की लोक एकमेकांना पेढे द्यायचे बाकी ठेवतात. आणि आमच्या चार घरांत त्याच बातमीला हात आधी फोनकडे जातो. कारण तिकडे वारं उठलं, समुद्र खवळला, की मगच इकडे पाणी येतं. एकाच ढगाचं एक टोक आमच्या लेकरांच्या डोक्यावर आणि दुसरं इथल्या शेतकऱ्यांच्या कपाशीवर.

एकदा एक ओळखीचा शेतकरी देवाला हार घ्यायला आला. खूश होता बिचारा. "वत्सलाकाकू, यंदा असं वारं सुटलं म्हनते समुद्रात, का चार दिसात इकडं धो धो!"

मी त्याच्या हातातला हार काढून घेतला.

"काकू, काहून?"

"संपला हार," मी म्हटलं.

"अवो पन हा हातात..."

"संपला म्हटलं ना!"

तो गेल्यावर आमचे हे मागून म्हणाले, "त्याचं काय चुकलं वत्सले? त्यानं पेरलं हाये." मला ते कळत का नव्हतं? पण कळून राग कुठे जातो!

*

गेल्या पावसाळ्यात मंगेशच्या टगमागं बार्ज होता. दोघांमधला दोर तुटला. टगमध्ये पाणी शिरलं. बाकीचे तराफ्यावर चढले, एका जहाजानं त्यांना उचललं. मंगेश त्यांच्यात नव्हता.

कंपनीच्या माणसाचा फोन वासुदेवभाऊंना आला तेव्हा ते माझ्या दुकानासमोर करंडे मोजून देत होते. त्यांनी ऐकलं, 'बरं' म्हणाले, आणि फोन खिशात घातला. मग मला म्हणाले, "वैनी, आजचं वाचा."

"सकाळी वाचलं ना भाऊ."

"पुन्यांदा वाचा. हेलिकॉप्टर निघनार हाये शोधाले. थे म्हनते, वेदर पाहून निंगू."

तोवर आम्ही ते पत्रक बोटीसाठी वाचत होतो. त्या दिवसापासून शोधणाऱ्यांसाठी वाचायला लागलो. मी तोंड उघडलं आणि मला अक्षरं दिसेनात. खंडारे सरांना फोन केला, ते अकोल्याहून मिळेल त्या गाडीनं आले. पत्रक छापूनच आणलंय म्हणत त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, वर्गात वाचावं तसं. वारा मंदावणार. लाटा कमी होणार. दृश्यमानता चांगली राहणार.

वासुदेवभाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"सर," ते म्हणाले, "तुमी लय चांगलं वाचता. पन पान उलटं धरून हाये."

सरांनी घाईघाईत खिशातून काढलेलं ते कुठल्या तरी जुन्या रेल्वे तिकिटाचं प्रिंट होतं. सर खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. वासुदेवभाऊंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "होईन सर, होईन. वारं कमी होईन."

झालं नाही. वारं कमी झालं तोवर शोध थांबवला होता.

*

मग नातेवाईक आले. नातेवाईक वाईट नव्हते, हेही सांगते. वासुदेवभाऊंचे मोठे भाऊ आले, रडले, आणि हात जोडून म्हणाले, "आता त्याचं करून टाकू. लेकरू अडकून राहीन." भटजींनाही सोबत आणलं होतं. भटजींनी पंचांग उघडलं आणि विचारलं, तिथी कोणती धरायची?

शांतावैनी आतून बाहेर आल्या.

"बोट बुडाली थो दिवस मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "माहा मंगेश बुडाला हे कोनी पाहिलं? ज्यानं पाहिलं त्याले माह्यासमोर आना. थो जो दिवस सांगीन, त्या दिवशी करते."

 आणणार कोणाला? तराफ्यावरच्या पोरांनीही सांगितलं होतं, आम्ही मागं पाहिलं तेव्हा तो दिसला नाही. एवढंच. भटजी भला माणूस. त्यांनी पंचांग मिटलं, चहा घेतला आणि दक्षिणा न घेता उठले. उंबऱ्यावर थांबून म्हणाले, "माउली, देव तुमचं खरं करो."

त्यामुळे मंगेशच्या फोटोला हार नाही. मी फुलवाली, माझ्याकडे मोगरा ढिगानं असतो, पण मी तिकडे जाताना एक कळीसुद्धा नेत नाही. शेजारणी दबक्या आवाजात म्हणतात, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. सुतक पाळत नाही, सण करते, दिवाळीला पोराचा शर्ट शिवून घेतला! वासुदेवभाऊ कधी वैनींच्या बाजूनं बोलतात, कधी भावाच्या. एकदा मला म्हणाले, "वैनी, मले माहीत हाये थो गेला. पन तिच्यापुढं मी म्हनलं, आन् दुसऱ्या दिवशी थो आला तं?"

सकाळी पत्रक वाचताना मंगेशची बोट बुडाली त्या भागाचं वाचणं मी हळूच सोडून द्यायला लागले होते. आकाशच्या भागाचं वाचलं, प्राचीच्या भागाचं वाचलं, फोन ठेवला. वासुदेवभाऊंनी काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा म्हणाले, "वैनी, आमचं राहिलं." तेव्हापासून वाचते.

*

यंदा पाऊस फार लांबला. पेरण्या खोळंबल्या, लोकांचे चेहरे उतरले. मी अंजनगावला गेले होते, शांतावैनी फोन घेत नव्हत्या म्हणून. आम्ही दोघी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होतो, वासुदेवभाऊ खाटेवर पडले होते, आणि गल्लीच्या तोंडाशी धोंडी निघालेली दिसली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पाऊस आला नाही की एकाला अंगभर कडुलिंबाचा पाला बांधतात, खांद्यावर दांडी देतात, दांडीला बेडूक बांधतात, आणि पावसाचं गाणं म्हणत घरोघर फिरवतात. प्रत्येक घरची बाई त्याच्या डोक्यावर पाणी ओतते. जेवढं पाणी त्याच्यावर, तेवढा पाऊस गावावर, असं म्हणायचं. ज्या घरानं पाणी घातलं नाही, त्या घराकडे गाव वर्षभर वाकडं बघतं.

पाला बांधलेला गजानन होता, मंगेशच्या वर्गातला. आता दोन लेकरांचा बाप आहे. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि मागच्यांना हातानं खूण केली. गाणं थांबलं. सगळे माना खाली घालून आमच्या ओट्यासमोरून मुकाट्यानं पुढे जायला लागले. या घरी पाणी मागायचं कोणत्या तोंडानं!

"थांबा," शांतावैनी म्हणाल्या.

त्या उठून आत गेल्या. बाहेर सगळे उभे. उन्हात पाला सुकून गजाननच्या खांद्यावरून गळत होता. एक म्हातारा मला हळूच म्हणाला, "बाई शाप तं नाई देनार?" वासुदेवभाऊ खाटेवर उठून बसले होते आणि दाराकडे बघत होते. आतून काड्या मोडल्याचा आवाज आला, मग धूर आला. चूल पेटवली होती. फार वेळ गेला. कोणी हललं नाही.

वैनी बाहेर आल्या त्या पदरानं धरलेली बादली घेऊन. बादलीतून वाफ निघत होती. त्यांनी ती गजाननच्या पायाशी ठेवली, पाण्यात बोटं घालून पाहिली, थोडं थंड मिसळलं, पुन्हा पाहिलं. मग तांब्या भरून सावकाश त्याच्या डोक्यावर ओतला.

गजानन दचकला. "काकू, पानी गरम हाये!"

वैनींनी त्याच्या कपाळावरचा पाला बाजूला केला आणि तोंडावरचं पाणी हातानं निपटून काढलं.

"थंड्या पान्यात लय दिस राहिला रे बापू तू," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तांब्या भरला.